जीपचे विभेदक व त्यातील तेलपातळी

वळण घेताना वाहनाच्या बाहेरील चाकास आतील चाकापेक्षा अधिक अंतर तोडावे लागते. एंजिनाची शक्ती दोन्ही चाकांस देऊनही त्यांना भिन्न वेगाने फिरू देणाऱ्या दंतचक्रमालेस विभेदक (डिफरन्शियल) म्हणतात. ही दंतचक्रे आसपेटीतील तेलात अंशतः बुडालेली असल्याने तेलाची पातळी हा त्यांच्या आयुष्याचा मुख्य आधार ठरतो.

इतिहास : फ्रान्समधील ओनेसिफोर पेकर यांनी १८२७ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी विभेदकाची योजना केली. इंग्लंडमध्ये जेम्स स्टार्ली यांनी १८७७ मध्ये ते तीनचाकी सायकलीस जोडले. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात मोटारगाड्यांत हायपॉइड दंतचक्रे आली. त्यांत चालक पिनियनचा अक्ष मोठ्या क्राउन चक्राच्या अक्षाखाली असतो व दाते एकमेकांवर घसरतात. त्यामुळे दातांवरील दाब सोसणारे विशेष वंगणतेल आवश्यक झाले.

अमेरिकेत १९४१ पासून लष्करासाठी विलिस जीपचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झाले. युद्धकाळात विलिस व फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनविल्या. तिच्या पुढील व मागील अशा दोन्ही आसांत हायपॉइड विभेदक होते. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या व १९४८ पासून महिंद्र अँड महिंद्र या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलिस जीपच्या जुळणीस आरंभ केला. २०१० मध्ये बाजारात आलेली थार ही गाडी याच परंपरेतील होय.

यवतमाळ जिल्ह्यातील परिस्थिती : जिल्ह्याचा बराच भाग कापसाच्या काळ्या जमिनीचा आहे. पावसाळ्यात ही माती फुगून चिकट होते व चाके रुततात. उमरखेड बाजूचे पैनगंगा अभयारण्य, पांढरकवडा परिसरातील टिपेश्वर अभयारण्य (स्थापना १९९७) व सागवानी वनांतील कच्चे रस्ते यांवर चारही चाकांस शक्ती देणाऱ्या वाहनाचा उपयोग होतो. मात्र अशा रस्त्यांवर आसपेटी दगडांवर आपटते, आणि तापलेली पेटी नाल्याच्या पाण्यात एकाएकी थंड झाली की श्वासनळीवाटे पाणी आत ओढले जाते. असे तेल दुधाळ दिसते. ते त्वरित बदलावे लागते.

पर्यायी आवरणे : जीपच्या आसपेटीचे मागील झाकण बोल्टांनी बसविलेले असते व तेल भरण्याचे बूच बहुधा त्याच झाकणावर असते. मूळचे पत्र्याचे झाकण दगडाच्या माराने चेपते. म्हणून काही मालक मूळ निर्मात्याव्यतिरिक्त इतरांनी केलेले जाड पोलादी वा ओतीव ॲल्युमिनियमचे आवरण बसवितात. आवरण भक्कम असले, तरी त्यामुळे तेल मोजण्याचे मूळ माप बदलण्याचा संभव असतो.

मूळ रचनेत सपाट जागेवर उभ्या गाडीत तेल बुचाच्या छिद्राच्या खालच्या कडेशी वा तिच्याजवळ आले की ते पुरेसे समजतात. जुन्या जीपच्या प्रत्येक विभेदकात सुमारे सव्वा लिटर तेल मावते. नवे आवरण अधिक खोल असल्यास तेवढ्याच तेलाने पातळी खाली राहते. नव्या आवरणाचे छिद्र मूळ जागेपेक्षा खाली असेल, तर छिद्रातून तेल ओघळू लागले तरी ते अपुरेच असते. क्राउन चक्राने उडविलेले तेल पिनियनच्या पुढील धारव्यापर्यंत पोहोचत नाही व धारवा तापून अडकतो. धावत्या गाडीत असे घडल्यास चाके एकदम जखडून अपघात होऊ शकतो. छिद्र वर असल्यास तेल जास्त होते. ते घुसळून फेसाळते, श्वासनळीतून बाहेर पडते किंवा सील ओलांडून ब्रेकच्या पट्ट्यांवर जाते व ब्रेक निकामी होतो.

पातळीची तपासणी : मूळ झाकण काढण्यापूर्वी गाडी सपाट जागी उभी करून आसनळीच्या मध्यरेषेपासून बुचाच्या छिद्राच्या खालच्या कडेचे उभे अंतर मोजतात. नव्या आवरणावर तेच अंतर मोजून खूण करतात. गवंडी भिंतीची पातळी साधण्यासाठी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी या कामीही चालते. नवे छिद्र खुणेवर नसेल, तर बोटाने किंवा वाकविलेल्या तारेने तेल खुणेपर्यंत आल्याची खात्री करतात. थोडे अंतर गाडी चालवून व काही वेळ थांबून पातळी पुन्हा पाहतात. कारण आसनळ्यांत तेल पसरल्यावर ती उतरते. कमानी उंच करून पिनियनचे तोंड वर कलविले असल्यास धारवा तेलापासून दूर जातो. तेव्हा मूळ खूण पुरेशी नसते व त्या कोनाचा विचार करून पातळी ठरवावी लागते. ही सर्व तपासणी पुढील आसासही लागू आहे.

आवरण कितीही भक्कम असले, तरी दात व धारवे यांचे रक्षण तेलच करते. म्हणून बुचाचे छिद्र ही केवळ सोयीची खूण मानावी. खरे माप दंतचक्रांच्या स्थानावरूनच घ्यावे लागते.