कार्टून आहे, पण मुलांसाठी आहे का?

शाळा सुटून मुले घरी आली, की रत्नागिरीतल्या अनेक घरांतून हिंदी संवाद ऐकू येऊ लागतात. घरात हिंदी बोलणारे कोणी नसते. मूल ताटासमोर बसलेले असते आणि टीव्हीवर किंवा मोबाइलवर कार्टून चालू असते. आई-वडील कामावर, आजी स्वयंपाकघरात. ‘नातू काय पाहतोय?’ असे कोणी विचारले, तर ‘कार्टून बघतोय हो, दुसरं काही नाही,’ असे उत्तर येते. या उत्तरातील निश्चिंतपणा कितपत खरा, हा या लेखाचा विषय आहे. प्रौढांसाठी रचलेल्या विनोदी अॅनिमेशन मालिका आता घरोघरच्या मोबाइलवर पोचल्या आहेत आणि नुसते चित्र पाहून त्या कुणासाठी आहेत, हे ओळखता येत नाही.

अॅनिमेशन ही गोष्ट सांगण्याची एक रीत आहे. तिचा प्रेक्षक लहानच असावा, असे त्या रीतीत काही नाही. अश्मयुगीन कुटुंबाची ‘द फ्लिंटस्टोन्स’ ही मालिका आपल्याकडच्या मुलांनी कार्टून नेटवर्क १९९५ मध्ये भारतात आल्यानंतर पाहिली. अमेरिकेत ती १९६० मध्ये सुरू झाली तेव्हा रात्रीच्या वेळी, मोठ्यांना डोळ्यांपुढे ठेवून दाखवली जात होती. तिचा सुरुवातीचा एक प्रायोजक सिगारेटचा होता आणि मालिकेतील पात्रेच जाहिरातीत धूम्रपान करत. पुढे १९८९ मध्ये ‘द सिम्पसन्स’, १९९७ मध्ये ‘साउथ पार्क’, १९९९ मध्ये ‘फॅमिली गाय’, २०१३ मध्ये ‘रिक अँड मॉर्टी’, २०१४ मध्ये ‘बोजॅक हॉर्समन’ अशी ही परंपरा वाढत गेली. ‘साउथ पार्क’चे नायक प्राथमिक शाळेतली मुले आहेत आणि मालिका मात्र अमेरिकेतच सतरा वर्षांखालील मुलांसाठी अयोग्य ठरवलेली आहे. मुख्य पात्र शाळकरी आहे, किंवा बोलणारा घोडा आहे, एवढ्यावरून निर्णय करू नये, हे यातून दिसते.

शिनचॅनचे प्रकरण

आपल्याकडे हा प्रश्न खऱ्या अर्थाने घरात आला तो शिनचॅनमुळे. योशितो उसुई या जपानी चित्रकाराने १९९० मध्ये ही चित्रकथा सुरू केली ती प्रौढ पुरुष वाचकांच्या साप्ताहिकात. पाच वर्षांचा एक निर्लज्ज, निरागस मुलगा मोठ्यांच्या जगातले सगळे झाकलेले उघडे करतो, ही तिची कल्पना. दमलेला नोकरदार बाप, घरखर्चाच्या चिंतेत असलेली आई, त्यांची भांडणे, बापाची परक्या तरुणींकडे जाणारी नजर, आईचे वजन, गृहकर्ज, असा तो मध्यमवर्गीय संसार होता. १९९२ मध्ये जपानी दूरचित्रवाणीवर मालिका आली तेव्हा ती कौटुंबिक झाली, काही गोष्टी सौम्य झाल्या. तरीही मुलांनी पाहू नये असे वाटणाऱ्या कार्यक्रमांत जपानी पालक तिचे नाव वर्षानुवर्षे घेत राहिले.

२००६ या एकाच वर्षी ही मालिका दोन देशांत दोन निरनिराळ्या प्रेक्षकांपुढे गेली. अमेरिकेत नव्याने लिहिलेल्या, मुळापेक्षाही भडक इंग्रजी संवादांसह ती ‘अॅडल्ट स्विम’ या रात्री उशिराच्या प्रौढांच्या प्रसारणात दाखल झाली. भारतात हंगामा टीव्ही या मुलांच्या वाहिनीवर ती हिंदीत आली. चित्रे तीच. एका ठिकाणी रात्री मोठी माणसे ती पाहत होती, दुसऱ्या ठिकाणी बालवाडीतली मुले.

मुले उलट बोलू लागली, आईला नावाने हाक मारू लागली, पाहुण्यांसमोर कंबर हलवून नाचू लागली, अशा तक्रारी तेव्हा घरोघर होत्या. मराठीत आईला आपण ‘तू’ म्हणतो आणि त्यात लाडच असतो. पण तिचे नाव घेऊन हाक मारणे ही वेगळी गोष्ट आहे. त्यामुळे आपल्याकडच्या घरांत ही हाक अधिकच टोचली. २००८ मध्ये केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या आक्षेपानंतर मालिका बंद झाली. पुढच्या वर्षी, म्हणजे २००९ मध्ये, ती बरीच काटछाट होऊन परतली. उघड्या अंगाची दृश्ये गेली. संवाद मवाळ झाले. परंतु बापाची नजर आणि आईच्या वजनावरची थट्टा यांवरच कथा उभी असल्याने ती पूर्णपणे काढणे कोणत्याही कात्रीला शक्य नव्हते.

कायदा कुठे पोचतो

हे प्रकरण घडले कसे, असा प्रश्न पडतो. चित्रपटगृहातल्या चित्रपटाला सेन्सॉरचे प्रमाणपत्र लागते. दूरचित्रवाणी मालिकेला असे आगाऊ प्रमाणपत्र लागत नाही. मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रा. प्रतिभा नैथानी यांनी केलेल्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने केवळ प्रौढांसाठी असलेले चित्रपट दूरचित्रवाणीवर दाखवण्यास मनाई केली, आणि २००६ च्या ऑगस्टमध्ये त्या आदेशाच्या अंमलबजावणीत मुंबईतल्या अनेक चित्रपट वाहिन्या काही दिवस बंद पडल्या. पण तो वाद प्रमाणपत्र असलेल्या चित्रपटांचा होता. ज्याला प्रमाणपत्रच नाही, त्या कार्टून मालिकेला तो लागू होण्यासारखा नव्हता. तिला लागू होते ती केबल दूरचित्रवाणी नियम १९९४ मधील कार्यक्रम संहिता. मुलांच्या कार्यक्रमात अपशब्द आणि उघड हिंसा नसावी, मुलांना अयोग्य असे कार्यक्रम मुले अधिक संख्येने पाहत असतील त्या वेळी दाखवू नयेत, असे ती सांगते. संहिता चांगली आहे. मात्र तिचा उपयोग कार्यक्रम दाखवून झाल्यावर, तक्रार आल्यावर होतो. २०११ पासून वाहिन्यांच्या संघटनेने तक्रार परिषद नेमून प्रौढ आशयासाठी रात्री ११ ते पहाटे ५ ही वेळ राखून ठेवली. मोबाइल हाती आल्यावर वेळेच्या या कुंपणाला अर्थ उरला नाही.

इंटरनेटवरून मालिका दाखवणाऱ्या सेवांसाठी २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियम आहेत. त्यांनुसार प्रत्येक मालिकेवर यू, यू/ए ७+, यू/ए १३+, यू/ए १६+ किंवा ए यांपैकी एक खूण असते. विषय, हिंसा, नग्नता, लैंगिकता, भाषा, अमली पदार्थ आणि भीतिदायकता पाहून ती ठरते आणि तिच्यासोबत आशयाचे थोडक्यात वर्णन द्यावे लागते. १३+ आणि त्यावरील मालिकांना पालकांसाठी कुलपाची सोय, तर ए वर्गासाठी वयाची विश्वसनीय पडताळणी बंधनकारक आहे. पालकांनी ही खूण पाहावीच, पण तीवर सर्वस्वी विसंबू नये. कारण ती मालिका दाखवणाराच लावतो. शिवाय खूण कशाकशामुळे लागली ते वर्णनाच्या एका ओळीत असते आणि ती ओळ पडद्याच्या कोपऱ्यात येऊन क्षणात जाते. अपशब्दांमुळे १६+ झालेली मालिका आणि आत्महत्येच्या विषयामुळे १६+ झालेली मालिका या दोन्ही एकाच खुणेखाली असतात.

पारख कशी करावी

माझ्या मते पहिला प्रश्न अपशब्दांचा नसावा. प्रश्न असा विचारावा: हा विनोद कळण्यासाठी पाहणाऱ्याला पात्रापेक्षा अधिक काय माहीत असावे लागते? शिनचॅन अनोळखी तरुणीला काहीबाही विचारतो तेव्हा हसू येते, कारण तो काय बोलतो आहे हे आपल्याला कळते आणि त्याला कळत नाही. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला हे अंतर बहुधा कळते. ते शिनचॅनला हसते. पाच वर्षांच्या मुलाला ते अंतर नसते. त्याच्यासाठी शिनचॅन हा आपल्यासारखाच एक मुलगा, आणि तो जे करतो त्यावर सगळे हसतात, एवढेच त्याच्या पदरी पडते. मग तेच तो पाहुण्यांसमोर करून दाखवतो आणि धपाटा खातो. मालिकेचा नायक ज्या वयाचा आहे, नेमक्या त्याच वयाच्या मुलाला ती एकट्याने दाखवू नये, असा हा काहीसा उलटा निष्कर्ष निघतो. मोठ्यांच्या शेजारी बसून नऊ-दहा वर्षांच्या मुलाने आजची काटछाट केलेली शिनचॅन पाहिली तर मला हरकत वाटत नाही. ‘रिक अँड मॉर्टी’ किंवा ‘साउथ पार्क’ यांचे तसे नाही. तिथला विनोद मृत्यू, लैंगिकता, धर्म, राजकारण यांच्या पूर्वज्ञानावर चालतो. शाळकरी मुलाकडे ते नसल्याने त्याच्या हाती रक्त आणि शिव्या एवढेच लागते.

दुसरी गोष्ट प्रत्यक्ष करून पाहण्यासारखी आहे. एखादा भाग मधूनच लावावा आणि पडद्याकडे पाठ करून पाच मिनिटे नुसता ऐकावा. रंग आणि गोल डोळे आपल्याला फसवतात. आवाज फसवत नाही. खऱ्या माणसांच्या नाटकात हे संवाद असते, तर नातवाला शेजारी बसवून आपण ते पाहिले असते का, हे लगेच कळते. पहिल्या भागावरून मत बनवू नये. अनेक प्रौढ मालिका पहिल्या भागात सौम्य असतात आणि पुढे गडद होत जातात. ‘बोजॅक हॉर्समन’ हे त्याचे ठळक उदाहरण. ती उत्तम मालिका आहे, हेही सांगायला हवे. उत्तम असणे आणि मुलांची असणे यांचा परस्परांशी संबंध नाही.

कोकणातल्या वाचकाला इथे एक आक्षेप सुचेल, आणि तो रास्त आहे. आपल्या नमन-खेळ्यांत गवळण रंगते तेव्हा मावशीच्या तोंडी येणारे द्व्यर्थी बोलणे काही सोवळे नसते. शिमग्यात तर काय काय कानी पडते! आणि पुढच्या रांगेत गावातली सगळी पोरे बसलेली असतात. मग कार्टूननेच काय घोडे मारले? फरक असा, की नमनातले मूल एकटे नसते. मावशी झालेला माणूस वाडीतलाच असतो, संकासुराच्या काळ्या कपड्यांआड कोण आहे हेही पोरांना ठाऊक असते, आणि सोबत आजोबा, काका, शेजारी असतात. कुठे हसायचे, कुठे ऐकून न ऐकल्यासारखे करायचे, हे मूल त्यांच्या चेहऱ्यांवरून शिकते. शिमग्याची बोंब शिमग्यापुरती, हेही त्याला दुसऱ्या दिवशी कळलेले असते. कानांत हेडफोन घालून बसलेल्या मुलाच्या समोर असा कोणताही चेहरा नसतो. कार्टूनमधले हिंदी आजीला धड उमगत नाही, त्यामुळे ती जवळ असूनही सोबत नसते.

खूण नसलेल्या चित्रफिती

वरील सगळे नियम मालिकांचे आहेत. यूट्यूबवर कोणीही टाकलेल्या चित्रफितींना वयाची ही वर्गवारी लागू नाही. मुलांच्या लाडक्या पात्रांची सोंगे घेऊन भयानक प्रसंग दाखवणाऱ्या चित्रफिती २०१७ मध्ये जगभर उघडकीस आल्या आणि हजारो काढून टाकाव्या लागल्या. आपल्याला अधिक जवळचा प्रकार म्हणजे प्रसिद्ध कार्टूनच्या दृश्यांवर गावरान मराठीत शिवराळ संवाद चढवलेल्या चित्रफिती. मोठ्यांना त्या फार हसवतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण शोधाच्या चौकटीत कार्टूनचे नाव आणि ‘मराठी’ एवढे दोन शब्द टाकले, तरी त्या समोर येऊ शकतात. मुलाला मराठीतून काही पाहायला मिळावे म्हणून आईने किंवा आजीने केलेला शोधच तिथे नेऊन सोडतो. इथे भाषा परकी नसते. प्रत्येक शब्द मुलाला पोचतो. लहानांसाठी यूट्यूबचे वेगळे किड्स अॅप आहे. ते निर्दोष नसले, तरी पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या हाती मोबाइल द्यायचाच असेल, तर मूळ अॅपऐवजी ते द्यावे.

मालिकांच्या सेवांमध्ये मुलाचे स्वतंत्र प्रोफाइल उघडून त्याला वयाची मर्यादा घालता येते. मोठ्यांच्या प्रोफाइलला चार अंकी कुलूप लावायला मात्र बहुतेक जण विसरतात, आणि मूल तिथूनच आत जाते. गणपतीत किंवा मे महिन्यात मुंबईहून आलेल्या काकांच्या मोबाइलवर असे काहीच नसते, हेही ध्यानात ठेवावे.

एखादी मालिका चुकीच्या खुणेखाली दाखवली जात आहे असे वाटल्यास त्या सेवेच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करता येते; त्याचे नाव व पत्ता संकेतस्थळावर देणे सेवेला बंधनकारक आहे. नियमांनुसार पंधरा दिवसांत निर्णय मिळायला हवा. तो न मिळाल्यास किंवा न पटल्यास प्रकाशकांच्या स्वनियमन संस्थेकडे जाता येते. तक्रारीत मालिकेचे नाव, हंगाम, भागाचा क्रमांक, दृश्य किती मिनिटांवर आहे आणि त्या भागावर कोणती खूण होती, हे लिहावे. पडद्याचे छायाचित्र जोडल्यास उत्तम.