तट, पहारेकरी आणि पासवर्ड

सोमवारी सकाळी नाशिक फाट्यावरून आमची बस सुटते आणि मोशीच्या पुढे ट्रॅफिकमध्ये अडकते. तोवर माझा फोन सुरू झालेला असतो. "साहेब, आयडी लॉक झालाय." शनिवार-रविवारी माणूस घरी जातो, जेवतो, झोपतो आणि पासवर्ड विसरून येतो. तीनदा चुकला की खातं बंद. मग आम्ही. चार वर्षं इंजिनिअरिंग करून मी लोकांचे पासवर्ड रीसेट करतो, हे घरी अजून नीटसं सांगितलेलं नाही. :)

गंमत सोडा. दोन वर्षांपूर्वी असाच एक पासवर्ड मी रीसेट केला आणि त्यापायी एका भल्या माणसाला आठ दिवस मान खाली घालून फिरावं लागलं. तेव्हापासून या विषयाच्या मागे लागलो, आणि वाचता वाचता पोचलो ते थेट चाकणच्या किल्ल्यात.

चाकणला किल्ला आहे हे आमच्या ऑफिसातल्या निम्म्या लोकांना ठाऊक नाही. संग्रामदुर्ग. गावातच आहे, भुईकोट, आता पडका. 1660 च्या जूनमध्ये शाइस्तेखानाने त्याला वेढा घातला. आत फिरंगोजी नरसाळा. खानाकडे प्रचंड फौज आणि तोफखाना, तरी भर पावसाळ्यात जवळपास दोन महिने किल्ला हटला नाही. शेवटी ऑगस्टमध्ये मोगलांनी भुयार खणून सुरुंग लावला, बुरूज उडवला आणि मग किल्ला पडला. आमच्या धंद्यात याला 'ब्रूट फोर्स' म्हणतात. ताकद लावा, वेळ घालवा, भिंत कधीतरी फुटेल.

आता तीन वर्षं पुढे या. 5 एप्रिल 1663 ची रात्र. तोच खान पुण्यात लाल महालात मुक्कामाला, भोवती छावणी. शिवाजी महाराज निवडक माणसांनिशी त्या छावणीतून थेट महालात शिरले. यातले तपशील वेगवेगळ्या साधनांत वेगवेगळे आहेत. पण जदुनाथ सरकारांनी दिलेल्या हकिकतीप्रमाणे, पहाऱ्यावरच्या लोकांनी हटकलं तेव्हा उत्तर मिळालं की आम्ही बादशाही फौजेतलेच दक्षिणी शिपाई, नेमून दिलेल्या जागी पहाऱ्याला निघालोय. पहारेकऱ्यांनी सोडलं. पुढचं आपल्याला चौथीपासून पाठ आहे.

म्हणजे बघा, चाकणचा तट फोडायला दोन महिने आणि सुरुंग लागला. लाल महालाच्या पहाऱ्याला एक वाक्य पुरलं. पासवर्डचा सगळा इतिहास मला या दोन गोष्टींमध्ये बसलेला दिसतो. आपण तट उंच करत बसलो आणि पहारेकऱ्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

आपला 'परवलीचा शब्द' सुद्धा छावणीतलाच. रोमन सैन्यात रोज संध्याकाळी तो लाकडी पाटीवर लिहून तुकड्या-तुकड्यांतून फिरवत आणि अंधार पडायच्या आत पाटी परत यावी लागे, असं पॉलिबियसने लिहून ठेवलंय. कॉम्प्युटरवर हा शब्द आला 1961 च्या सुमारास, अमेरिकेत एमआयटीमध्ये. फर्नांडो कॉर्बाटो आणि मंडळींनी सीटीएसएस नावाची सिस्टीम बांधली. तिच्यात एकच मशीन अनेक जण एकाच वेळी वापरत. प्रत्येकाच्या फाइली वेगळ्या, प्रत्येकाला वापराचे तास मोजून दिलेले. मग कोण कुठला हे ओळखायला पासवर्ड.

लगेच पुढच्याच वर्षी तो फुटला! ॲलन शेर नावाच्या संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याला चार तास मिळायचे आणि ते पुरत नव्हते. त्याने काय केलं, तर शुक्रवारी रात्री पासवर्डची फाइल छापून देण्याची विनंती पंचकार्डावर टाकली. शनिवारी सकाळी छापील यादी तयार! त्याने काहीही 'फोडलं' नाही. मागितलं आणि मशीनने दिलं. 1966 मध्ये तर त्याच सिस्टीमवर दोन फाइलींची अदलाबदल झाली आणि लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाला सुस्वागतमच्या जागी सगळ्यांचे पासवर्ड दिसले.

यातून लोक शिकले. पासवर्ड जसाच्या तसा ठेवायचा नाही, त्याचं उलट न करता येणारं रूप ठेवायचं. 1979 मध्ये युनिक्सवाल्या रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी यावर एक सुरेख लेख लिहिला. प्रत्येक पासवर्डमध्ये थोडं वेगळं 'मीठ' टाकायचं, म्हणजे दोघांचा पासवर्ड सारखा असला तरी साठवलेलं रूप वेगळं, ही कल्पना त्यात आहे. त्याच लेखात त्यांनी 3,289 खरे पासवर्ड तपासले. 86 टक्के सहज सापडण्याजोगे निघाले. कुणाचे दोन अक्षरी, कुणाचे तीन अक्षरी, कुणाचे सरळ डिक्शनरीतले.

इथून गाडी एका वेगळ्याच रुळावर गेली. निष्कर्ष निघाला की वापरणारा माणूस आळशी आहे, त्याला नियमांनी बांधा. एक कॅपिटल, एक आकडा, एक चिन्ह, आणि दर 90 दिवसांनी बदला. हे नियम जगभर पसरले ते अमेरिकेच्या निस्ट या संस्थेच्या 2004 मधल्या मार्गदर्शिकेमुळे. तिच्यातला हा भाग बिल बर यांनी लिहिला. 2017 मध्ये, निवृत्तीनंतर, त्यांनी मुलाखतीत कबूल केलं की त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आता पश्चात्ताप होतो. खरे पासवर्ड अभ्यासायला मिळाले नाहीत, म्हणून त्यांना 1980 च्या दशकातल्या एका जुन्या टिपणावर भिस्त ठेवावी लागली होती. म्हणजे आमच्या प्लँटमधला फिटर दर तीन महिन्यांनी ज्या नियमापायी लॉक होत होता, त्याच्यामागे धड आकडेवारी नव्हती!

आकडेवारी नंतर आली. 2010 मध्ये नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की माणसाचा जुना पासवर्ड माहीत असेल, तर 17 टक्के खात्यांचा पुढचा पासवर्ड पाच प्रयत्नांच्या आत ओळखता येतो. साहजिक आहे. 'गणपती1' चा 'गणपती2' होतो, आणखी काय होणार? त्याआधी, 1999 मध्येच लंडनच्या ॲन ॲडम्स आणि अँजेला सास यांनी लिहून ठेवलं होतं की वापरणारा हा शत्रू नाही, नियम त्याच्या कामात बसत नाहीत म्हणून तो पळवाटा काढतो. ऐकायला अठरा वर्षं लागली. 2017 मध्ये निस्टने ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका असं सांगितलं, 2019 मध्ये मायक्रोसॉफ्टनेही विंडोजच्या आपल्या शिफारशींतून ती अट काढली. तरी कितीतरी ऑफिसांत 90 दिवस आहेतच.

हे झालं तटाचं. आता पहारेकरी.

पासवर्ड विसरला तर काय, यावर जुना उपाय म्हणजे गुप्त प्रश्न. त्यातला सगळ्यांचा लाडका प्रश्न, आईचं माहेरचं आडनाव. आता सांगा, मराठी माणसाकडे हे गुप्त राहील का? आपल्या लग्नपत्रिकेत मामांची नावं छापलेली असतात आणि पत्रिका पाचशे घरी जाते! :) अमेरिकेतही तेच. सप्टेंबर 2008 मध्ये सारा पेलिन उपाध्यक्षपदाच्या उमेदवार असताना एका विद्यार्थ्याने त्यांचं याहू मेल उघडलं. जन्मतारीख, पिनकोड, नवरा कुठे भेटला. सगळी उत्तरं इंटरनेटवर होती. त्याने पासवर्ड शोधलाच नाही, रीसेट केला.

आणि आपलं पुणं. एप्रिल 2005 मध्ये गाजलेलं एमफॅसिसच्या कॉल सेंटरचं प्रकरण आठवतंय? सिटीबँकेच्या अमेरिकेतल्या चार ग्राहकांच्या खात्यांतून सुमारे साडेतीन लाख डॉलर पुण्यात उघडलेल्या खात्यांत आले. पोलिसांच्या तपासानुसार कुणी सिस्टीम हॅक केली नव्हती. फोनवर मदत करता करता विश्वास संपादन केला आणि ग्राहकांनी आपणहून पिन सांगितले. पुढे 2008 मध्ये आयटी कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम 66 सी आलं. दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड.

आता माझी गोष्ट. रविवारची रात्र होती, मी ऑन-कॉल. फोन आला. "स्टोअर्समधून बोलतोय, आयडी लॉक झालाय, ट्रक गेटवर उभाय, लाइन थांबेल." मागे फोर्कलिफ्टचा आवाज. मी आयडी विचारला, रीसेट केला, नवा पासवर्ड फोनवरच सांगितला. दीड मिनिटात काम फत्ते, वर स्वतःवर खूश.

दोन आठवड्यांनी स्टॉक जुळेना. लॉगमध्ये त्या रात्रीची एंट्री स्टोअरकीपर काकांच्या नावावर. काका त्या दिवशी गावी, जत्रेला. पण लॉगला जत्रा कळत नाही. काकांना नोटीस मिळाली, आणि चोवीस वर्षं नोकरी केलेला माणूस कँटीनमध्ये कोपऱ्यात बसायला लागला.

मला लॉग बघताक्षणी सगळं कळलं होतं. तरी बोलायला तीन दिवस लावले. अप्रेझल जवळ आलं होतं, बस्स, दुसरं कारण नाही. मग साहेबांसमोर जाऊन सांगितलं की रीसेट मी केलाय आणि कोणाला दिला हे मी विचारलंच नाही. चौकशीत निघालं की फोन स्टोअर्समधल्याच एका कंत्राटी पोराने केला होता. चोरी नव्हतीच. माल द्यायचा अधिकार फक्त काकांच्या आयडीला, काका रजेवर आणि लाइन थांबायला आलेली. त्याने घाईत चुकीच्या पार्ट नंबरवर माल टाकला. नोटीस मागे घेतली गेली. पोराला मात्र सक्त ताकीद मिळाली. शिफ्टला एकच आयडी पुरेल असं ज्यांनी ठरवलं, त्यांना कुणी काही विचारलं नाही.

मी काकांची माफी मागायला गेलो. ते म्हणाले, "साहेब, रोज गेटवरचा वॉचमन माझा डबा उघडून बघतो. तुम्ही माझं नावसुद्धा नाही विचारलंत?"

आता प्रत्येक शिफ्टला वेगळे आयडी आहेत, त्यासाठी सहा महिने मेलामेली केली. आणि रीसेटचा फोन आला की मी ठेवून देतो, रजिस्टरमधल्या नंबरवर परत लावतो. यात तीन-चार मिनिटं जातात. पलीकडून कुणीतरी ओरडतं, "अहो, ट्रक उभाय!" उभा राहू दे. तेवढा वेळ पहारा माझा आहे.