सर्जन

हैदराबादेत तारनाक्याचे गणपती हुसेनसागराकडे निघतात ते विसर्जनासाठी. ‘सर्जन’ आणि ‘विसर्जन’ ही सख्खी भावंडं. संस्कृत ‘सृज्’ म्हणजे सोडणं, मोकळं करणं. सृष्टी, निसर्ग आणि महाकाव्याचा ‘सर्ग’ हेही त्याच घरचे. (दवाखान्याच्या पाटीवरचा सर्जन मात्र मुळात ग्रीक, त्याचा अर्थ हातानं काम करणारा.)

हिब्रू बायबलमधलं ‘बारा’ हे क्रियापद अधिक सोवळं. निर्माण करणं या अर्थानं त्याचा कर्ता फक्त देव. मातीतून आदाम घडवताना मात्र ‘यात्सार’ येतं, आणि हिब्रूत कुंभारालाही ‘योत्सेर’च म्हणतात. ख्रिस्ती कलावंताला पाय टेकायला जागा मिळते ती इथं.

अँजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) या गोमंतकीय चित्रकारानं ती हक्कानं घेतली. अवनींद्रनाथ टागोरांचा हा शिष्य पुण्यात ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिला आणि त्यानं मरियेला चक्क साडी नेसवली. गोव्यात त्यावर टीका झाली.

त्याची बरीच चित्रं पर्वरीच्या झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चमध्ये आहेत. गोव्याला गेलात, तर वाट वाकडी करून पाहाच.