कूपरचा साप आणि सालेह बिलालीचे रोजे

गेल्या पावसाळ्यात मधल्या सुट्टीत नववीतल्या एका मुलाने मला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. अमेरिकेतला कुणी माणूस, त्याच्या खांद्यावर मनगटाएवढा जाड काळा साप, आणि साप मांजराच्या पिल्लासारखा त्याच्या बाहीत तोंड खुपसतोय. "सर, हा नाग आहे का?" नाग नव्हता. धामणही नव्हती. मी उर्दू-मराठीचा मास्तर, सापांतला जाणकार नाही. पण घरी जाऊन शोधले आणि त्या सापाच्या नावापाशी येऊन अडकलो.

इंग्रजीत त्याला इंडिगो साप म्हणतात. इंडिगो म्हणजे नीळ. काळ्याभोर अंगावर ऊन पडले की निळी-जांभळी झाक दिसते, म्हणून हे नाव. हनुवटीखाली तांबूस रंग. बिनविषारी, अडीच मीटरच्याही पुढे वाढणारा, अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतला सर्वांत लांब देशी साप. जॉर्जिया आणि फ्लोरिडातल्या वाळूच्या टेकड्या, त्यांवरची उंच पाइनची झाडे, ही त्याची जागा. थंडीत तो गोफर कासवाने खणलेल्या बिळात राहतो. खातो काय, तर बेडूक, उंदीर आणि दुसरे साप. शेपटी वाजवणारा विषारी रॅटलस्नेकसुद्धा तो गिळतो आणि त्या विषाने याला फारसे काही होत नाही.

शास्त्रीय नाव आहे ड्रायमार्कॉन कूपेरी. पहिला शब्द ग्रीक, अर्थ साधारण 'रानाचा राजा'. दुसरा शब्द एका माणसाचा, जेम्स हॅमिल्टन कूपर याचा. हे नाव मी आधी वाचले होते, पण सापांच्या पुस्तकात नाही. अमेरिकेत गुलाम म्हणून नेलेल्या मुसलमानांच्या इतिहासात.

कूपर हा जॉर्जियातला मोठा मळेवाला. अल्टामाहा नदीच्या मुखाजवळ होपटन नावाचा मळा तो चालवायचा. भात, ऊस, कापूस, आणि राबायला शेकडो गुलाम. येल विद्यापीठात शिकलेला, जीवाश्म गोळा करणारा, शास्त्राची आवड असलेला माणूस. नदीच्या दक्षिणेकडच्या कोरड्या पाइन टेकड्यांवरचा हा साप त्याच्याकडून जॉन एडवर्ड्स हॉलब्रूक या सर्पशास्त्रज्ञाला मिळाला. हॉलब्रूकने १८४२ साली त्याचे वर्णन छापले आणि कूपरचे नाव सापाला दिले.

त्याच होपटन मळ्यावर मुख्य मुकादम होता सालेह बिलाली. (मुकादम हा आपला शब्दही अरबीतूनच आलेला.) आजच्या माली देशातल्या मासिना भागात, नायजर नदीकाठी, फुलानी घरात त्याचा जन्म. पोरवयात पळवला गेला, हातोहात विकला जात समुद्रकाठी आला, तिथून बहामा बेटांवर आणि १८०० च्या सुमारास कूपरच्या वडिलांकडे. पुढे तो असा मुकादम झाला, की कूपर महिनोन् महिने बाहेर असला तरी मळा त्याच्या भरवशावर चाले. कूपरने त्याच्याविषयी एक लांब पत्र लिहिले, ते विल्यम ब्राउन हॉजसन याने १८४४ साली आपल्या पुस्तकात छापले. हा माणूस पक्का मुसलमान आहे, दारूला शिवत नाही, रमजानचे रोजे धरतो, अरबी वाचतो, त्याच्याकडे कुराण आहे, असे मालक स्वतः लिहितो. जॉर्जियाच्या दमट उन्हाळ्यात, भाताच्या चिखलात, दुसऱ्याच्या मालकीच्या देहाने धरलेले रोजे! त्या किनाऱ्यावरच्या बेटांवर १९३० च्या दशकात म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी टिपल्या गेल्या. त्यांत आजी वाटायची त्या तांदळाच्या गोड गोळ्यांचे नाव आहे 'सराका'. आपला सदका.

माणूस आणि साप एका तराजूत घालायचा माझा इरादा नाही. मालकाची सवय मात्र पाहण्यासारखी आहे. जे हाती येईल त्यावर आपले नाव.

सापाचे पुढे काय झाले ते त्याच्या स्वभावाने ठरवले. पकडला तर फुसकारतो, मान उभी चपटी करतो, शेपटी थरथरवतो, पण चावतो क्वचित. थोड्याच दिवसांत माणसाच्या हाताला सरावतो. म्हणून जत्रेतल्या खेळवाल्यांना तो आवडला: दिसायला भयंकर, वागायला गरीब. मग पाळीव प्राण्यांचे व्यापारी आले. थंडीत बिळाच्या तोंडाशी ऊन खात पडलेला हा लांबलचक साप पकडायला कसबही लागत नाही. दुसरीकडे, रॅटलस्नेक पकडणारे लोक कासवांच्या बिळांत पेट्रोलची वाफ सोडायचे. आत असलेला इंडिगोही त्यात गुदमरायचा. पाइनची राने तर शेती, लाकूड आणि घरांखाली आधीच संपत आली होती.

फ्लोरिडाने १९७१ साली त्याला संरक्षण दिले, आणि १९७८ साली अमेरिकेच्या केंद्र सरकारने संकटग्रस्त प्रजातींच्या कायद्याखाली. कारणांमध्ये पाळण्यासाठी होणारी धरपकडही होती. रानातला धरणे तेव्हापासून गुन्हा. आज लोक पाळतात ते पिंजऱ्यात जन्मलेले, आणि एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विकायलाही परवाना लागतो.

पाळणाऱ्यांचे लिखाण मी बरेच वाचले. गंमत अशी की प्रेमाने लिहिणारेच तक्रारी जास्त करतात. अजगर आठवडाभर वेटोळे करून पडून राहतो. हा दिवसा जागा, सतत फिरणारा, म्हणून पेटी खोलीएवढी हवी. पचन जलद, त्यामुळे वारंवार खायला द्या आणि वारंवार घाण काढा. वास येतो तो वेगळाच. दोन साप एकत्र ठेवले तर एक दुसऱ्याला गिळू शकतो. आणि भूक लागली की गरीब स्वभाव बाजूला राहतो, हातच भक्ष्य समजून धरतो.

त्या मुलाला हे सांगितले तेव्हा मला लहानपणी मदरशात ऐकलेली मांजरीची हदीस आठवली. एका बाईने मांजर बांधून ठेवली, ना खायला दिले ना सोडले, की तिने आपले भक्ष्य शोधावे. त्यापायी ती बाई आगीत गेली. इंडिगो पाळणारे खायला घालतात, हे खरे. हदीसचा दुसरा अर्धा भाग सोडण्याविषयी आहे.

आणि आता काही जण सोडतही आहेत. अलाबामा राज्यात हा साप १९५४ नंतर दिसलाच नव्हता. २०१० पासून कोनेकू राष्ट्रीय अरण्यात बंदिवासात वाढवलेली पिल्ले सोडली जाऊ लागली. २०२० साली तिथे एक पिल्लू सापडले जे कुणी सोडलेले नव्हते, रानातच जन्मले होते. पाळण्यातून आलेले ज्ञान, म्हणजे अंडी कशी उबवायची, पिल्ले कशी जगवायची, हे इथे कामी आले, हेही मान्य करायला हवे.

मुलाने शेवटी विचारले, "सर, त्या बिलालीच्या नावाचं काही आहे का?" मी त्याला कूपरच्या पत्राचे सांगितले. त्यात दोन नावे आहेत. मळ्यावर त्याला टॉम म्हणत. आफ्रिकेतले नाव कूपरने कानाला जसे ऐकू आले तसे उतरवले आहे: साली-बुल-अली.