विगाखालच्या वेण्या

गंगावन हा शब्द आता आपल्या बोलण्यातून जवळजवळ गेलाच आहे. पूर्वी लग्नघरात नवरीचा अंबाडा भरदार दिसावा म्हणून तिच्या केसांत गंगावन मिसळत. पण मूळच्या केसांची बांधणी पक्की नसेल, तर वरचा सगळा डौल दोन घटकांत उतरे. आज अशाच एका बांधणीविषयी बोलायचे आहे. ती आपल्याकडची नाही. ती पश्चिम आफ्रिकेतून निघाली आणि गुलामांच्या जहाजांबरोबर अमेरिकेत पोचली.

आफ्रिकी वंशाच्या माणसांचे केस बहुधा दाट आणि अगदी घट्ट कुरळे असतात. त्यांच्यावर विग नीट बसवायचा, तर आधी ते केस डोक्यालगत चापून बसवावे लागतात. म्हणून कपाळापासून मानेपर्यंत भांगांच्या रेघा पाडतात आणि दोन भांगांमधले केस थोडे थोडे उचलत, कातडीला चिकटून, बारीक वेणी गुंफत नेतात. मागे उरलेली टोके आडवी वळवून सुईदोऱ्याने टाचतात. त्यावर पातळ ताणाची टोपी आणि तिच्यावर विग. कधी केसांचे पट्टे थेट या वेण्यांवरच शिवतात. वेण्या नेमक्या ताणाने घातल्या, तर आतले केस तुटत नाहीत. फार आवळल्या, तर मुळे दुखावतात आणि कपाळाच्या कडेचे केस कायमचे जातात. हात हलका हवा, तरी गाठ सुटता कामा नये, अशी ही कला आहे.

अमेरिकेत या वेण्यांना ‘कॉर्नरोज’ म्हणतात, म्हणजे मक्याच्या ओळी. कॅरिबियन बेटांवर त्याच ‘केनरोज’ होतात, म्हणजे उसाच्या ओळी. उसाच्या सऱ्या पाहिलेल्या मराठी माणसाला ही उपमा समजावून सांगायला नको. पण त्या उसाच्या मळ्यांत हीच माणसे गुलाम म्हणून राबत होती, हे मात्र लक्षात ठेवले पाहिजे. नाव मळ्यातले असले, तरी कला त्याहून कितीतरी जुनी. नायजेरियात सापडलेल्या, दोन हजार वर्षांपूर्वीच्या नोक संस्कृतीच्या मातीच्या मूर्तींच्या डोक्यांवरही मोठ्या निगुतीने केलेल्या केशरचना दिसतात. त्याच देशातले छायाचित्रकार ओजेइकेरे यांनी 1968 पासून पुढे बायकांच्या वेण्यांची शेकडो छायाचित्रे टिपली. त्यांत बहुतेकदा चेहरा नाही, नुसती पाठमोरी मान आणि वेण्या. आणि तरीही ते माणसाचेच चित्र वाटते.

सत्तेला मात्र या केसांची नेहमीच अडचण वाटत आली. 1786 मध्ये लुईझियाना स्पेनच्या ताब्यात असताना तिथला गव्हर्नर मिरो याने हुकूम काढला, की कृष्णवर्णीय आणि मिश्रवंशीय स्वतंत्र स्त्रियांनी केस रुमालात बांधून ठेवावेत. स्त्रियांनी हुकूम पाळला, पण असे झगझगीत रुमाल बांधले, की झाकण्यासाठी आणलेले कापडच लोक वळून पाहू लागले.

पुढची हकिकत 1981 सालची आहे. अमेरिकन एअरलाइन्समध्ये अकरा वर्षे नोकरी केलेल्या एका कृष्णवर्णीय स्त्रीने न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात कंपनीविरुद्ध दाद मागितली. कंपनीच्या नियमानुसार तिला कामावर अशा वेण्या घालून येता येत नव्हते. कंपनीने तोडगा सुचवला: वेण्या सोडू नकोस, त्या मागे बांध आणि कामाच्या वेळेत वरून खोट्या केसांचा अंबाडा चढव. तिने सांगितले, त्याने माझे डोके भयंकर दुखते. न्यायालयाने म्हटले, मग मोठ्या मापाचे गंगावन घ्यावे! वेण्या काही जन्मजात नसतात, त्या बदलता येतात, असे सांगून निकाल कंपनीच्या बाजूने गेला. एका गोऱ्या नटीने 1979 च्या चित्रपटात अशा वेण्या मिरवल्या होत्या, तिचाही उल्लेख त्या निकालात आहे. जणू वेण्यांचा इतिहास तिच्यापासूनच सुरू झाला.

इथे विग आणि वेणी यांचे नाते उलटे झालेले दिसते. एरवी बाई आपल्या हौसेने वेण्या घालते, वर आपल्या आवडीचा विग चढवते. आज लांब केस, उद्या आखूड, परवा विग काढून नुसत्या वेण्या. त्यात लाज नाही, खेळ आहे, आणि केसांना विसावाही आहे. पण तोच विग नोकरी टिकवण्यासाठी घालावा लागला, की तो डोक्यावरचे ओझे होतो.

या व्यवहारात आपलाही एक धागा आहे. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या विगांत आणि पट्ट्यांत भारतातले केस असतात. तिरुपतीला महाराष्ट्रातूनही हजारो माणसे जातात, नवस फेडून केस देतात. देवस्थान ते लिलावात विकते. आणि याच महाराष्ट्रात विधवांचे केस त्यांना न विचारता उतरवले जात होते. त्याविरुद्ध 1890 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी संप केला, आम्ही हे काम करणार नाही म्हणून. वस्तरा तोच, पण एकीकडे श्रद्धा होती आणि दुसरीकडे सक्ती.

अमेरिकेत 2019 साली कॅलिफोर्निया राज्याने कायदा करून नोकरीत आणि शाळेत अशा केशरचनांवरून भेदभाव करायला बंदी घातली. नंतर इतर अनेक राज्यांनीही तसे कायदे केले. 2022 मध्ये देशभरासाठीचे विधेयक प्रतिनिधिगृहात मंजूर झाले, पण सिनेटमध्ये अडकले. डोक्यावरच्या चार वेण्यांसाठी कायदा लागावा, याचे हसू येईल. पण वर विग घालायचा की नाही हे ज्या बाईला स्वतः ठरवता येत नव्हते, तिच्या दृष्टीने ते हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)