असाम लक्सा आणि थळचा जवळा

मुंबईच्या हॉटेलात लक्सा मागवला की बहुधा नारळाच्या दुधातला पिवळसर रस्सा येतो, त्यात नूडल्स. तो चांगला असतोही. पण मलेशियातल्या पेनांगचा असाम लक्सा वेगळा: असाम म्हणजे आंबट. त्यात नारळाचं दूध नसतं, असतो माशाचा रस्सा. त्याची कुळकथा सांगायची तर अलिबागच्या उत्तरेला, खांदेरी-उंदेरीसमोर वसलेल्या थळच्या कोळीवाड्यातून सांगावी. माल तोच आहे.

मलेशियात ज्याला इकान केंबुंग म्हणतात, तो आपल्या बांगड्याच्याच कुळातला मासा. तो उकडून, काटे काढून, कुस्करून त्याच पाण्यात परत घालतात. आंबटाला चिंच आणि असाम कपिंग, म्हणजे एका फळाच्या वाळवलेल्या चकत्या. ते झाड आणि आपलं कोकम, दोन्ही गार्सिनिया या एकाच वंशातली. तिथे चकत्या, इथे आमसूल.

रश्श्याचा खरा जीव मात्र जवळ्यात आहे. डोल जाळ्यात भरती-ओहोटीच्या ओढीने आपसूक भरणारा हा बारीक जीव रायगडच्या किनाऱ्यावर उन्हात पसरून वाळवतात. त्याच अ‍ॅसेटिस वंशातला जवळा मलेशियात मिठात मुरवतात, कुटतात, पुन्हा वाळवतात आणि त्याच्या वड्या पाडतात, ते बेलाचान. एकाच जिन्नसाच्या दोन वाटा का झाल्या? मला याचं उत्तर आभाळात दिसतं. आपल्याकडे पावसाळा सरला की महिनोन्‌महिने कोरडं ऊन मिळतं, जवळा खडखडीत वाळतो. विषुववृत्ताजवळ वर्षभर पाऊस आणि दमट हवा. तिथे नुसत्या उन्हावर विसंबून चालत नाही, मिठाचा आधार घ्यावा लागतो.

हे किनारे एकमेकांना अनोळखी नव्हते. पोर्तुगीज तोमे पिरेश याने 1512 ते 1515 च्या दरम्यान लिहिताना मलेशियाच्या किनाऱ्यावरच्या मलाक्क्याच्या बाजारातल्या लोकांत चौल आणि दाभोळच्या माणसांची नोंद केली आहे. चौल थळहून फार लांब नाही. म्हणून पाककृती इथून तिथे गेली असं मी म्हणणार नाही. मिरची तर दोघांनाही अमेरिकेतून, पोर्तुगीजांच्या काळात मिळाली.

नूडल्स तांदळाच्या, जाडसर. तळकोकणातले शिरवाळे त्यांचे जवळचे नातलग: उकडलेल्या पिठाचे गोळे गरम असतानाच दाबून पाडलेले. आपण त्यावर गुळाचा नारळरस घेतो, पेनांगकर बांगड्याचं आंबट. वरून काकडी, अननस, पुदिना, चिरलेला कच्चा कांदा (अलिबागचा गोडसर पांढरा कांदा इथे फार शोभेल) आणि चमचाभर हे को, म्हणजे कोळंबीचा काळा दाट पाक.

हॉटेलात असाम लक्सा मिळालाच, तर आधी वास घ्या. जवळ्याचा उग्र वास दाबून टाकला असेल, तर स्वयंपाक्याने गिऱ्हाइकाला घाबरून रस्सा केला आहे. घरी करायचा तर थळच्या बाजारात बरंचसं मिळेल. खरं अडेल ते रश्श्यातल्या बुंगा कांतानपाशी, आल्याच्या कुळातल्या त्या गुलाबी कळीपाशी. तिला पर्याय नाही.