जुन्या फोटोंतील मोटारी

भगिनींनो, मंडळाच्या यंदाच्या वर्धापनदिनी घरोघरचे जुने फोटो मांडण्याचे ठरले आणि पालघर, बोईसर, तारापूर, चिंचणी, केळवे-माहीम अशा गावांतून पेट्या उघडल्या गेल्या. माझे शिक्षण सातवीपर्यंत. इतिहास म्हणजे राजे आणि लढाया, एवढेच शाळेत शिकले. परंतु हे फोटो लावता लावता कळले की आपल्या घरचाही इतिहास असतो. मात्र तो कोणी लिहून ठेवलेला नसतो. फोटोच्या पाठीवर क्वचित काही लिहिलेले सापडले, तर त्यात पुरुषांची नावे, आणि बायकांविषयी ‘सौ. व मुले’ एवढाच उल्लेख!

अशा फोटोंपैकी बऱ्याच फोटोंत मोटार आहे. मोटार आपली होती असे मुळीच नाही. मुंबईहून पाहुणे येत, लग्नाचे वऱ्हाड येई, मग सारे घर त्या मोटारीपुढे उभे राही. लुगडे, नथ, तुळशीवृंदावन पाहून साल सांगता येत नाही. मोटारीचे मात्र जन्मसाल ठरलेले असते. बोईसरच्या एका वृद्ध मोटार-मिस्त्रींना मी हे फोटो दाखवले. त्यांनी सांगितले ते, आणि पुढे पुस्तकांतून पडताळून घेतले ते, येथे देत आहे.

सर्वांत जुनी आढळते ती फोर्ड कंपनीची ‘मॉडेल टी’. ती 1908 ते 1927 पर्यंत निघाली, आणि तिच्या दीड कोटी मोटारी बनल्या. चाके बहुधा लाकडी आऱ्यांची, समोरची काच सरळ उभी, वर कापडी टप. तिच्यामागून ‘मॉडेल ए’ आली, तिची चाके तारेच्या आऱ्यांची. 1928 साली जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला मोटारी जोडण्याचा कारखाना काढला, त्यामुळे शेव्हरोलेट गाड्याही आपल्या बाजूला दिसू लागल्या.

पुढे दिवे पाहावेत. जुन्या मोटारींचे पुढचे दोन दिवे खांबावरच्या कंदिलासारखे वेगळे उभे असत. 1937 ते 1941 च्या दरम्यान अमेरिकन मोटारींचे दिवे मडगार्डात बसले. महायुद्धामुळे 1942 च्या फेब्रुवारीत अमेरिकेत खाजगी मोटारी बनवणे बंद पडले ते 1945 पर्यंत. दाराखालची लांब पायरी, जिच्यावर मुलांना उभे करून फोटो काढीत, ती 1950 पर्यंत बहुतेक नव्या गाड्यांतून गेली.

त्यानंतर एक मोठा बदल झाला. 1953 च्या सुमारास सरकारने ठरवले की बाहेरचे सुटे भाग आणून नुसते जोडणाऱ्या कंपन्यांनी येथे राहू नये. ज्यांना गाडी येथेच घडवायची असेल त्यांनीच राहावे. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी आपले येथील काम बंद केले. मग रस्त्यावर नव्या गाड्या मोजक्याच जातींच्या उरल्या, म्हणून 1955 नंतरचे फोटो ओळखणे सोपे. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्याच्या कारखान्यात 1954 पासून फियाट 1100 काढली. पाठ गोल, मडगार्ड अंगातच मिसळलेले, आणि पुढच्या दाराची बिजागरी मागच्या बाजूला, त्यामुळे दार उलटे उघडे. लोकांनी तिला ‘डुक्कर फियाट’ असे नाव ठेवले! तिच्याच वंशातली पुढची पद्मिनी. ती मुंबईच्या टॅक्सींतून 2023 च्या ऑक्टोबरात कायमची गेली. ॲम्बॅसेडर 1957 साली निघाली व 2014 पर्यंत जवळजवळ त्याच रूपात राहिली. म्हणून ॲम्बॅसेडर दिसली तरी फार काही कळत नाही.

जीपचेही तसेच. महिंद्र कंपनीने माझगावला जीप जोडायला आरंभ केला आणि तिचा चेहरा वर्षानुवर्षे फारसा बदलला नाही. आपल्या तारापूरला अणुवीज केंद्राचे काम 1964 साली निघाले व 1969 साली तेथून वीज मिळू लागली. त्या दिवसांतले म्हणून आलेल्या फोटोंत जीप पुष्कळ आहेत, पण केवळ जीपवरून साल ठरत नाही. तेथे नंबराची पाटी भिंगाखाली धरावी. जुन्या मुंबई राज्यातल्या गाडीच्या नंबराचे पहिले इंग्रजी अक्षर ‘बी’ असे. 1960 साली महाराष्ट्र झाला, मग नव्या गाड्यांवर ‘एम’ आले. 1989 पासून ‘एमएच’ आणि पुढे आकडा.

येथे एक सावधगिरी हवी. मोटारीवरून फोटो कोणत्या सालाच्या आधीचा नाही एवढेच कळते. नंतरचा किती, ते कळत नाही, कारण पूर्वी एकेक गाडी वीस-पंचवीस वर्षे चाले.

परंतु तेवढ्यानेही केवढे काम होते, ते आमच्याच घरी दिसले. आमच्याकडे एक फोटो आहे. मोटारीशेजारी डोईवर पदर घेतलेली बाई, कडेवर तान्हे मूल. चेहरा तांदळाच्या दाण्याएवढा, त्यावर पदराची सावली. फोनवर मोठा करून पाहिला तरी नाकडोळे दिसत नाहीत. घरात सांगत आले की ही मामंजींची आई आणि कडेवर मामंजी. त्या माउली 1949 साली गेल्या, तेव्हा मामंजी तीन वर्षांचे होते. आईचा दुसरा फोटो नाही. म्हणून मामंजी रोज सकाळी याच फोटोला फूल वाहत.

मिस्त्री म्हणाले, “बाई, दाराची बिजागरी बघा. ही डुक्कर फियाट.” म्हणजे फोटो 1954 च्या आधीचा नव्हे. मग ती बाई मामंजींची आई असणे शक्य नव्हते. त्या होत्या आजेसासऱ्यांच्या दुसऱ्या पत्नी, आणि कडेवरचे मूल 1956 साली जन्मलेले आमचे चुलत सासरे.

ऐंशीच्या घरातल्या माणसाला हे सांगावे की नाही, यावर आम्ही नवराबायको आठवडाभर बोलत होतो. शेवटी मामंजींना उन्हात बसवून भिंग हाती दिले. त्यांनी खूप वेळ पाहिले. फोटोच्या कडेला अर्धवट कापलेला, अर्ध्या चड्डीतला एक मुलगा आहे. आम्ही त्याला ड्रायव्हरचा मुलगा समजत असू. त्या बाईने मोकळ्या हाताने त्याचे मनगट घट्ट धरले आहे. मामंजी म्हणाले, “उलटे उघडणारे दार मला आठवते. त्यात बोट अडकेल म्हणून धाकट्या आईने मला ओढून धरले होते.”

धाकट्या आईंना हे सारे ठाऊक असणारच. आपल्याच फोटोला मुलगा दुसरीच्या नावाने फूल वाहतो, हे त्यांनी हयातभर पाहिले आणि तोंडातून शब्द काढला नाही. मामंजींचे फूल अजून चुकलेले नाही. फक्त आता ते दोन वाहतात, आणि फोटोच्या पाठीवर त्यांनी दोन्ही आयांची नावे स्वतःच्या हाताने लिहिली आहेत.

भगिनींनो, माझी विनंती इतकीच. चौकटीत बसावा म्हणून फोटोच्या कडा कापू नका. चाक, पाटी, एखादे मूल त्या कडेलाच असते. पाठीवर मऊ पेन्सिलीने, हात हलका ठेवून, डावीकडून उजवीकडे सर्वांची नावे लिहा. बायकांची माहेरची आणि सासरची, दोन्ही लिहा. गाव लिहा, पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी झाला, म्हणून त्याआधीच्या फोटोवर जिल्हा ठाणे लिहिणे बरे. आणि ज्या घरात ऐंशी-नव्वदीचे माणूस आहे, त्या घराने हे काम दिवाळीवर ढकलू नये. फोटो घेऊन दुपारी त्यांच्यापाशी बसावे.